ब्रह्मा कोंबडी, दोन पावसाळ्यांनंतर: स्वभावाला पैकीच्या पैकी, पायांना काठावर पास

आमची तिसरी 'कोंबडी' आरवली, त्या पहाटेच हे लिहायचं नक्की केलं होतं. विकणाऱ्याने एक नर आणि तीन माद्या म्हणून चार पक्षी दिले होते, तीन महिन्यांचे. नर हजाराला, मादी बाराशेला. मादीचे दोनशे जास्त का, तर "ताई, मादीला मागणी असते." त्यातली एक मादी पावसाळाभर गप्प राहिली आणि मग एक दिवस जाड, घोगऱ्या आवाजात बांग देऊन मोकळी झाली. फोन केला तर म्हणे, ब्रह्मात नर-मादी उशिराच कळते. ते खरंच आहे, ही जात सावकाश वाढते. पण कळत नव्हतं तर मादीचे दोनशे कशाचे घेतले? यावर तिकडून उत्तर आलं, "पक्षी आणून द्या, गाडीभाडं तुमचं, बघू." ते दोनशे अजून यायचे आहेत. यायचे नाहीत हे मला कळतं, पण मी विसरणार नाही.

लाइट, डार्क, बफ हे रंग म्हणजे काय, मटारी (बुटका, मटाराच्या दाण्यांसारखा) तुरा कसा ओळखायचा, नर पाच-साडेपाच किलोपर्यंत कसा भरतो, हे घेण्याआधी सगळेच बघतात. ते परत सांगत नाही. पायांबद्दल मात्र विकणारा एक अक्षर बोलत नाही, म्हणून पायांबद्दल लिहिते.

आमचं गाव देवरुखजवळ. जून ते सप्टेंबरात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, परसात लाल माती, कडेने चिऱ्याचा गडगा. सासूबाईंच्या गावरान कोंबड्या आधीपासून आहेत, त्यांना पावसाचं काही वाटत नाही. विकणाऱ्याचं म्हणणं होतं की ब्रह्मा मूळची ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली, पाऊस तिच्या रक्तातच आहे. थाप आहे ही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शांघायहून जहाजाने अमेरिकेत गेलेल्या मोठाल्या कोंबड्यांपासून तिथल्या लोकांनी ही जात घडवली. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या एका अमेरिकन कोंबडीवाल्याने 1852 मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला नऊ पक्षी भेट धाडले, त्याचा गाजावाजा झाला आणि किमती कडाडल्या. म्हणजे वाजवून विकायची रीत या जातीत पहिल्यापासूनच आहे. पुढे तिचं नाव झालं ते बर्फाळ मुलखात टिकणारी आणि हिवाळ्यात अंडी देणारी कोंबडी म्हणून. तुरा बारीक, त्यामुळे हिमाने काळा पडत नाही. पिसारा दाट, आणि नडगीपासून थेट मधल्या बोटापर्यंत पिसं. कोरड्या थंडीत हे सगळं उत्तम. आमच्या जुलैत नाही.

पहिल्याच मोठ्या पावसात काय झालं ते सांगते. बोटांवरची पिसं चिखलात भिजली, त्याला विष्ठा लागली, त्यावर तूस चिकटलं, परत चिखल. एक दिवस उघडीप मिळाली की हे सगळं वाळून बोटाच्या टोकाशी लिंबाएवढा गोळा तयार. कोंबडी चालताना टक टक आवाज यायला लागला. सासूबाई पडवीतून बघत होत्या. त्यांनी या कोंबड्यांना पहिल्या दिवसापासून 'मोजेवाल्या' नाव ठेवलंय. म्हणाल्या, "अगो, मोजे घालून चिखलात कोण जातं?"

हा गोळा कोरडा असताना पकडीने फोडायचा नाही. आत नख असतं, गोळ्याबरोबर नखाचं टरफलही निघून येतं आणि रक्ताची धार लागते. घमेल्यात कोमट पाणी घ्यायचं, कोंबडी त्यात उभी करायची आणि थांबायचं. दहाएक मिनिटांनी माती कडेने सुटायला लागते, पाणी आधी गुलाबी आणि मग विटकरी होतं. अंगठ्याने पिसांच्या दिशेनेच चोळत न्यायचं, उलटं नाही. मग टॉवेल. पिसांच्या मुळाशी ओल राहिली तर कातडी लाल होते आणि वास मारतो, म्हणून बोटांच्या बेचक्यात फडक्याचं टोक घालून पुसायचं. हेअर ड्रायरही चालतो, पण आमच्याकडे पावसात वीज कधी असते? चुलीच्या उबेला टोपलीत बसवते. एका पक्ष्याला अर्धा तास धरा, चार पक्षी, आठवड्यातून दोनदा तरी. हिशेब करा आणि मगच घ्या.

नवीन फुटणाऱ्या पिसांचं वेगळंच. त्यांच्या नळीत रक्त असतं. बोटावरचं असं पीस दगडाला घासून मोडलं की रक्त येतं, आणि रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात. हळद दाबून धरायची आणि ती सुकेपर्यंत पक्षी वेगळा ठेवायचा.

याहून वाईट म्हणजे पायांची खरूज. ही सूक्ष्म किडीमुळे होते. किडे पायाच्या खवल्यांखाली शिरून राहतात, खवले उचलले जातात, खाली पांढरट भुकटी जमते. गावरान कोंबडीचा उघडा पाय लांबून बघून कळतो. ब्रह्माच्या पायावर पिसांचा पडदा, त्यामुळे ती लंगडायला लागेपर्यंत पत्ता लागत नाही. आमच्याकडे नराला झाली. उपाय साधाच आहे, पण चिकाटीचा: साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचं, जुन्या दातघासणीने हलकेच भुकटी काढायची, खवले उपटायचे नाहीत, आणि वरून व्हॅसलीन किंवा तेल दाट चोपडायचं, म्हणजे किडे गुदमरतात. हे काही आठवडे चालू ठेवावं लागतं, कारण आतली अंडी फुटून नवे किडे निघत राहतात. बसायचे दांडेही घासून तेलाने पुसायचे, नाहीतर तिथून परत लागण. तेल चोपडलेल्या पिसांना पुन्हा माती जास्त चिकटते, हा वरचा आनंद. खूपच पसरलं तर पशुवैद्य औषध देतात. मात्र किती दिवस अंडी खायची नाहीत ते त्यांना तेव्हाच विचारून घ्या.

या टप्प्याला, पहिल्या गौरी-गणपतीच्या सुमाराला, मी चारही पक्षी विकायला काढले होते. तेव्हा लिहिलं असतं तर एका ओळीत संपलं असतं: कोकणात घेऊ नका.

मत बदललं ते त्याच घमेल्यापाशी. एकदा तेल चोपडायच्याच दिवशी सासूबाईंच्या तांबडीच्या पायाला काचेचा तुकडा लागला. गावरान कोंबडी, धरायलाच दोघी लागलो, हातावर ओरखडे, ती फडफडून अर्धमेली आणि आम्हीही. लगेच नंतर ब्रह्माची बफ मादी धुवायला घेतली. तिच्या बाबतीत धरावं लागतच नाही. हात खाली घातला की ती बूड टेकते, उचलली की काखेत मान टाकते, आणि कोमट पाण्यात उभी केल्यावर खालची पापणी वर सरकवून डोळे मिटते. मध्येच एकदा घशातल्या घशात कुरकुरते. इतके दिवस मी म्हणत होते की पाय वाईट आणि स्वभाव चांगला, एकाने दुसऱ्याची भरपाई. तसं नाहीये. असले पाय तांबडीला असते तर ती पहिल्याच पावसात मेली असती, कारण तिला धुणार कोण? या जातीला रोज हातात घ्यावं लागतं आणि ही जात रोज हातात येते, म्हणूनच ती आमच्याकडे जगली.

आता स्वभाव म्हणजे काय ते नीट सांगते, कारण 'शांत' म्हणून बाजारात काहीही खपवतात. माझ्या माद्या कमरेएवढ्या जाळीवरून कधी उडून गेल्या नाहीत. पाहुण्यांची लहान पोरं त्यांना कडेवर घेऊन फिरतात. नर माणसांवर येत नाही, दोघांपैकी एकही नाही. पण हीच शांतता गावरान कोंबड्यांपुढे मार खाते. निम्म्या वजनाची तांबडी एक टोच मारते आणि ही धिप्पाड बाई खाणं सोडून कोपऱ्यात जाऊन उभी राहते. त्यामुळे खाण्याची भांडी दोन, एकमेकांपासून लांब. एकच भांडं ठेवलंत तर ब्रह्मा वाळत जाते आणि दाट पिसाऱ्याखाली ते दिसतही नाही. छातीचं हाड हाताने चाचपून बघायचं. उलट नराला गावरान माद्यांत सोडायचं नाही. त्याच्या वजनाने त्यांच्या पाठी सोलतात.

दुसऱ्या पावसाळ्याआधी तीन गोष्टी केल्या. खुराड्यापुढची माती फूटभर उकरून तिथे वाळू भरली आणि वर जुने पत्रे टाकून आडोसा केला. भर पावसात मोकळं सोडणं बंद. आणि बोटांवरची पिसं कात्रीने कापली. यावर हौशी मंडळी अंगावर येतात, कारण प्रदर्शनात पाय भरलेले लागतात. मला कुठलं प्रदर्शन? पीस उपटलं तर काही आठवड्यांत नवं येतं आणि पक्ष्याला दुखतं. कापलं तर पीस झडायच्या हंगामापर्यंत तसंच राहतं. पूर्ण वाढलेलं पीसच कापायचं, नळीत निळसर रक्त दिसलं तर सोडून द्यायचं. जूनच्या सुरुवातीला कापली, पाऊस गेल्यावर झड झाली, दिवाळीपर्यंत पाय परत भरले. घमेलं या वर्षी जेमतेम महिन्यातून एकदा निघालं. कात्री घरचीच, खर्च शून्य. वाळूचे मात्र लागले.

दांडा हातभर उंच नको, वीतभर पुरे, आणि गोल बांबूऐवजी रुंद फळी. जड पक्षी उंचावरून धपकन उतरला की तळव्याला मार बसतो, त्यातून आत पू धरतो आणि वर काळी खपली येते. आमच्या माद्या तशाही जमिनीवरच झोपतात, म्हणून तूस चार बोटं जाड आणि कोरडं. नाकाला झोंबलं की बदलायचं. मानमोडी (राणीखेत) रोगाच्या लशी गावरानला असतात त्याच, आधी लासोटा नावाची आणि पुढे आर-टू-बी नावाची. त्यात जातीचं कौतुक नाही.

उन्हाळ्याचं थोडक्यात: पावसापेक्षा सोपा, पण बेफिकीर राहू नका. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापते, आणि आपल्या दमट हवेत धापण्याचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय सतत धापल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि अंड्याचं कवच पातळ होतं. मे महिन्यात आमची अंडी हातात घेताना चेपायची. दुपारचं खाणं बंद, दाणा पहाटे आणि संध्याकाळी, सावलीत ओलं गोणपाट, प्यायला माठातलं पाणी. कवचासाठी बाजारातली शिंपल्याच्या चुऱ्याची पिशवी आणली नाही. तिसऱ्या म्हणजे खायच्या शिंपल्या, त्यांची शिंपलं घरात येतातच, ती भाजून कुटून वेगळ्या वाटीत ठेवते.

पैशाचं बोलायचं तर धंदा म्हणून शून्य. गावरानच्या दीडपट खाते, पहिलं अंडं आठ महिन्यांनी, आणि चालू झाल्यावर आठवड्याला तीन, कधी चार. अंडं तपकिरी, आणि एवढ्या देहाच्या मानाने लहानच. डिसेंबर-जानेवारीत गावरान थांबतात तेव्हा या देतात, ही एक जमेची बाजू. खुडूक झाली (अंडी उबवायच्या तयारीत बसून राहिली) म्हणून एक मादी हौसेने रवणीला, म्हणजे अंड्यांवर, बसवली, तर बाईंनी बूड टेकताना अंडीच फोडली. उरलेली तांबडीखाली सरकवली, तिने एकविसाव्या दिवशी पिल्लं काढली. म्हणजे अंडं ब्रह्माचं, मेहनत गावरानची.

पुण्याच्या नणंदेने हे ऐकून सिल्की घेतली, तीही पायांवर पिसं असलेली आणि तितकीच गरीब. तिची पिसं एकमेकांत गुंतून बसत नाहीत, त्यामुळे पाणी निथळत नाही, थेट अंगापर्यंत जातं. पुण्याच्या पावसात, तेही छपराखाली, चालून जातं. इकडे आणायचा विचार करू नये.

आता घरात नर दोन आणि माद्या दोन, आणि नर एकमेकांना बघून घेतात, म्हणून एक द्यायचा आहे. तोच, ज्याचे मादी म्हणून मी बाराशे मोजले. पाय भरलेले, खरूज नाही, लशी झालेल्या, पोरांना उचलू देतो. किंमत हजार, नराची असते तीच. कापायला हवा असलेल्यांनी विचारू नये, आणि नेणाऱ्याच्या दारात वाळू आहे का हे मी आधी विचारणार आहे.