भिंतीवरचा कोरिया: कागद चांगला, हद्द चुकीची

आर्णी तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी गेल्या उन्हाळ्यात मी यवतमाळच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून जागतिक इतिहासाच्या भिंतीवरील नकाशांचा संच घेतला. संचात सहा नकाशे आहेत, किंमत २,१०० रुपये, आणि त्यांपैकी पाच नकाशांविषयी माझी तक्रार नाही. हे परीक्षण सहाव्या नकाशाचे, म्हणजे कोरियाच्या फाळणीच्या नकाशाचे आहे. अभ्यासिकेत येणारी स्पर्धा परीक्षेची मुले-मुली त्याच्यापुढे सर्वांत जास्त वेळ उभी राहतात, आणि भूमी अभिलेख खात्यात ३१ वर्षे मोजणी केलेल्या माणसाच्या डोळ्यांना हद्दीतली चूक खुपल्याशिवाय राहत नाही.

आधी वस्तूविषयी. कागद जाड आहे, लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी आहे आणि एस.टी.तून गुंडाळून आणूनही कडा दुमडल्या नाहीत. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली खालच्या कोपऱ्यात फुगे आले व खालची पट्टी सुटली. ती मी सुतळीने बांधली. अक्षरे मागच्या बाकावरून वाचता येतात. या किमतीत याहून जास्त मागू नये.

नकाशात एकाखाली एक तीन चौकटी आहेत: १९४५, १९५० आणि १९५३. पहिली चौकट उत्तम झाली आहे. १९१० पासून जपानच्या अमलाखाली असलेला अखंड कोरिया एकाच रंगात दाखवून त्यावर ३८ उत्तर अक्षांशाची तांबडी रेघ मारली आहे. सोव्हिएत फौजा कोरियाच्या दिशेने सरकत असताना, १० ऑगस्ट १९४५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांना अर्धा तास देण्यात आला. जपानी सैन्याची शरणागती कोणी कोठे स्वीकारायची एवढेच त्यांना ठरवायचे होते, आणि राजधानी सोल अमेरिकेच्या वाट्याला यावी म्हणून त्यांनी नॅशनल जिओग्राफिकच्या नकाशावरून हा अक्षांश निवडला. मॉस्कोने तो मान्य केला. कोणत्याही कोरियन माणसाला विचारण्यात आले नाही. आमच्या खात्यात दोन भावांच्या पोटहिश्शाची मोजणी करायची झाली तरी लगतच्या खातेदारांना नोटीस गेल्याशिवाय साखळी उलगडता येत नसे.

जमिनीवर ज्याचा एकही दगड रोवलेला नव्हता, त्या अक्षांशाने १२ नद्या, ७५ हून अधिक ओढे, १८१ गाडीवाटा आणि ६ रेल्वेमार्ग तोडले. हे आकडे समासात छापले आहेत, याचे श्रेय प्रकाशकाला दिले पाहिजे. गाडीवाट म्हणजे आपली पांदण. एक पांदण कोणी नांगरून टाकली तर तहसीलदारापुढचा दावा बापाकडून मुलाकडे येतो, हे मी पाहिले आहे. तिकडे एका रात्रीत १८१ अडल्या. पश्चिम टोकाच्या ओंगजिन द्वीपकल्पाची गत तर आणखी विचित्र झाली. ते रेघेच्या दक्षिणेला पडले म्हणून अमेरिकेच्या भागात गेले, परंतु जमिनीने ते फक्त उत्तरेशी जोडलेले असल्याने दक्षिणेतून तेथे जायला समुद्राखेरीज वाट उरली नाही. चौकटीत ओंगजिनचे नाव आहे, पण ही अडचण सांगणारी एक ओळ हवी होती.

दुसऱ्या चौकटीवरील मथळ्याला माझी हरकत आहे. ‘१९४८ मध्ये दोन कोरियांनी वेगळे होण्याचा निर्णय घेतला’ असे तेथे ठळक अक्षरांत छापले आहे. डिसेंबर १९४५ मध्ये मॉस्को येथे पाच वर्षांपर्यंतच्या विश्वस्त कारभाराची, म्हणजे बड्या राष्ट्रांच्या देखरेखीखालच्या कारभाराची, कल्पना पुढे आली, तिला कोरियात कडवा विरोध झाला, आणि दोन्ही महासत्तांचा संयुक्त आयोग कोणत्या कोरियन पक्षांशी बोलायचे यावरच अडून बसला. मग १९४७ मध्ये अमेरिकेने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे नेला. तेथून गेलेल्या आयोगाचे अध्यक्ष आपले के. पी. एस. मेनन होते, सोव्हिएत बाजूने या आयोगाला उत्तरेत पाऊल ठेवू दिले नाही, त्यामुळे १० मे १९४८ चे मतदान फक्त दक्षिणेत झाले. चारच दिवसांनी, १४ मे रोजी, उत्तरेने दक्षिणेचा वीजपुरवठा तोडला. वीजनिर्मिती आणि मोठे कारखाने उत्तरेत, भाताची शेती मुख्यतः दक्षिणेत, असे ते एकच घर होते. रात्रीच्या लाइनीवर ओलीत करणाऱ्या गावात ही तारीख समजावून सांगावी लागत नाही, आणि नेमकी तीच नकाशात नाही.

१५ ऑगस्टला सोल येथे सिंगमन री यांचे सरकार आले आणि ९ सप्टेंबरला प्योंगयांग येथे किम इल सुंग यांचे. एकाने आयुष्याची अनेक वर्षे अमेरिकेत काढलेली, दुसऱ्याने सोव्हिएत सैन्यात नोकरी केलेली. डावे आणि उजवे यांचे वैर कोरियन समाजात आधीपासून होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दोन्ही सरकारे संपूर्ण देशावर हक्क सांगत होती, तेव्हा वेगळे होण्याचा निर्णय या दोघांपैकी कोणी घेतला, हे मथळा लिहिणाऱ्यालाच विचारावे लागेल.

खरी चूक तिसऱ्या चौकटीत आहे. १९५३ सालची हद्द म्हणून तेथे पुन्हा तीच ३८ अक्षांशाची सरळ रेघ छापली आहे. २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या फौजा स्टालिनच्या संमतीने दक्षिणेत घुसल्या, सप्टेंबरमध्ये अमेरिकी सैन्य इंचॉनला उतरले, हिवाळ्यात चिनी सैन्य आले, आणि पहिल्या वर्षभरात सोल चार वेळा हातांतून हातांत गेले. जुलै १९५१ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या, त्या २७ जुलै १९५३ ला पानमुन्जोम येथे युद्धविराम होईपर्यंत चालल्या, आणि ठरले ते असे की सैन्ये जेथे समोरासमोर उभी आहेत तीच रेषा. मोजणीच्या भाषेत सांगायचे तर १९४५ ची हद्द अभिलेखातली होती आणि १९५३ ची वहिवाटीची. ही नवी रेषा वाकडी आहे: पश्चिमेला ती ३८ अंशाच्या खाली उतरते, म्हणून पूर्वी दक्षिणेत असलेले केसोंग शहर आणि ते ओंगजिन उत्तरेकडे गेले, पूर्वेला ती वर चढते, म्हणून सोकचो दक्षिणेकडे आले. तिच्यावर १,२९२ खुणेचे फलक लावण्यात आले, ६९६ ची देखभाल दक्षिणेकडून लढणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे आणि ५९६ ची समोरच्या, उत्तरेच्या बाजूकडे, आणि दोन्हीकडे दोन-दोन किलोमीटरचा पट्टा मोकळा सोडण्यात आला. आम्ही मोजलेल्या धुऱ्यावरचे दगड पुढच्या पेरणीपर्यंत टिकत नसत. शांतता करार मात्र आजवर झालेला नाही, आणि री यांच्या सरकारने तर युद्धविरामावरही सही केली नव्हती.

मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय सैन्याकडे होता. त्यासाठीच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि त्या दलाचे प्रमुख आपल्या महाराष्ट्रातले मेजर जनरल थोरात. मराठीत छापलेल्या नकाशात त्यांचा उल्लेख नसावा, याचे नवल वाटते.

मी दुकानदाराला फोन करून चूक सांगितली. ‘सर, साऱ्याच पुस्तकात असंच राह्यते,’ असे उत्तर आले. नकाशा बदलून द्यायला तो तयार नव्हता. शेवटी लॅमिनेशनवर पक्क्या शाईच्या लाल पेनाने मीच वाकडी रेषा काढली आणि केसोंगभोवती गोल केला. मुले आता त्या गोलाविषयी विचारतात, आणि पहिल्या व तिसऱ्या चौकटीतील फरक सांगताना माझा तासभर सहज जातो.

पहिल्या चौकटीसाठी आणि उरलेल्या पाच नकाशांसाठी संच घेण्यासारखा आहे. मी पाचपैकी तीन गुण देतो. घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी सहावा नकाशा उलगडून तिसऱ्या चौकटीत केसोंग कोणत्या रंगात आहे ते पाहावे. दक्षिणेच्या निळ्या रंगात असेल, तर ती हीच चुकीची छपाई समजावी.