लिबकर्लचे कॉलबॅक: डाउनलोड-अपलोडवर नजर ठेवायची असेल तर हेच घ्या

नेटवरून फाइल आणायची किंवा पाठवायचीय आणि मधल्या वेळात आत काय चाललंय ते आपल्या प्रोग्रामला कळायला हवं, अशी गरज असेल तर माझं मत सरळ आहे, लिबकर्ल घ्या. टर्मिनलवरची कर्ल कमांड बहुतेकांनी वापरलेली असते, स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गनी ती १९९८ मधे आणली, आणि तिच्या पोटात जी सी भाषेतली लायब्ररी आहे तीच लिबकर्ल, २००० पासून वेगळी वापरता येते. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. तिला किती प्रोटोकॉल येतात यावर सगळे बोलतात पण तिच्या कॉलबॅकवर, म्हंजे आपण लिहून द्यायचं आणि तिनी वेळेवर बोलवायचं अशा फंक्शनवर, फारसं कोणी बोलत नाही, आणि खरा माल तिथेच आहे.

आम्ही जे सॉफ्टवेअर बनवतो त्यात तालुक्याच्या गावातली मंडळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मोठमोठ्या स्कॅन केलेल्या पीडीएफ चढवतात, रेंज येते जाते, आणि स्क्रीनवर काहीच हललं नाही की माणूस वैतागून परत परत बटण दाबतो. म्हणून आम्हाला तीन गोष्टी हव्या होत्या, किती बाइट गेले ते दिसणं, मधेच थांबवता येणं, आणि बिघडलं तर कुठं बिघडलं ते नंतर सापडणं. तिन्ही गोष्टी इथे कॉलबॅकमधून मिळतात, तेही मूळ कोडला फारसा हात न लावता.

कल्पना सोपीय. तुम्ही एक फंक्शन लिहून लायब्ररीच्या हवाली करायचं आणि जेव्हा जेव्हा बाइट येतील किंवा जातील तेव्हा ती ते बोलावणार. आलेला डेटा राइटफंक्शनला मिळतो, पाठवायचा डेटा रीडफंक्शनकडून मागितला जातो, हेडरला, म्हंजे डेटाच्या आधी येणाऱ्या माहितीच्या ओळींना, वेगळं फंक्शन, प्रगतीला वेगळं. आणि प्रत्येकाबरोबर आपला स्वतःचा एक पॉइंटर (आपल्या माहितीचा मेमरीतला पत्ता) देता येतो, त्यामुळे ग्लोबल व्हेरिएबलचा पसारा लागत नाही, एकाच वेळी दहा फाइल चालल्या तरी प्रत्येकीचा हिशोब तिच्या तिच्या स्ट्रक्टमधे राहतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हंजे परत केलेल्या आकड्याला इथे वजन आहे. राइटफंक्शनला जितके बाइट दिले तितकाच आकडा तुम्ही परत करायचा, कमी-जास्त केला की लिबकर्ल तिथल्या तिथे ट्रान्सफर थांबवते आणि २३ नंबरची एरर देते. डिस्क भरली, फाइलवर लिहिता आलं नाही, कमी आकडा परत करा, काम झालं. प्रगतीच्या फंक्शनमधून शून्य सोडून दुसरं काही परत केलं तर ट्रान्सफर ४२ नंबरच्या एररनी बंद, आमचं रद्द करा हे बटण एवढ्यावरच चालतं, एक फ्लॅग बघायचा आणि १ परत करायचा, वेगळा थ्रेड मारायला नको की सॉकेट हातानी बंद करायला नको. काही लायब्ऱ्या नुसतं कळवतात की एवढं झालं, पण ज्यानी बघायचं त्यालाच थांबवायचा अधिकार ही सोय मला फार मोलाची वाटते.

आता डीबगफंक्शन. हे म्हंजे रत्न आहे. व्हर्बोज (सविस्तर माहिती देण्याचा पर्याय) चालू केलं की प्रत्येक तुकडा प्रकारासकट तुमच्या हातात येतो, हा लायब्ररीचा स्वतःचा मजकूर, हे आलेलं हेडर, हे गेलेलं हेडर, हा आलेला डेटा, हा गेलेला, आणि टीएलएसचे (एन्क्रिप्शनच्या थराचे) कच्चे बाइट ते वेगळेच. एसट्रेस (प्रोग्राम सिस्टिमला काय काय सांगतो ते दाखवणारं लिनक्सचं साधन) लावून बाहेरून बघितलं तर एचटीटीपीएसवर सगळा गिचमिड काला दिसतो कारण तिथे एन्क्रिप्ट झालेला माल असतो, इथे मात्र वाचता येणारा मजकूर मिळतो.

एक उदाहरण देतो. एका सर्व्हरवर आमचं दीडेक एमबीपेक्षा मोठं प्रत्येक अपलोड साधारण सेकंदभर उशिरा सुरू व्हायचं, छोट्या फाइल मात्र फटाफट जायच्या. डीबगफंक्शनमधे प्रत्येक ओळीपुढे वेळ छापली आणि लगेच दिसलं, हेडर गेलं, मग एक सेकंद पूर्ण शांतता, मग 'डन वेटिंग फॉर १०० कंटिन्यू' अशी ओळ, आणि त्यानंतर डेटा सुटला. कारण असं की एचटीटीपी १.१ वर बॉडी एक एमबीच्या वर गेली की लिबकर्ल आधी एक्स्पेक्ट हेडर पाठवून सर्व्हरच्या होकाराची वाट बघते, आणि होकार आलाच नाही तर एक हजार मिलिसेकंदांनी आपणहून पुढे जाते. तो सर्व्हर होकार देतच नव्हता. एक्स्पेक्ट हेडर रिकामं करून टाकलं आणि उशीर गेला. हे नुसत्या अंदाजानं कोणालाही सापडलं नसतं.

त्रासाच्या गोष्टीही आहेत, त्या सांगायलाच हव्यात. प्रगतीचं फंक्शन नुसतं लावून चालत नाही, नोप्रोग्रेस हा पर्याय शून्य करावा लागतो नाहीतर ते कधी बोलावलंच जात नाही, आणि नवीन माणूस इथे हमखास अडकतो. एकूण साइझ माहीत नसेल, म्हंजे सर्व्हरनी कंटेंट लेंग्थ दिलीच नाही, तर एकूणच्या जागी शून्य येतं, त्यामुळे टक्केवारी काढायच्या आधी शून्य तपासा. आणि तुटलेलं डाउनलोड मधून पुढे सुरू केलं तर आकडे फक्त उरलेल्या भागाचे असतात, आधी उतरलेलं आपणच मिळवायचं, नाहीतर अर्धी फाइल हातात असूनही पट्टी परत शून्यापासून पळायला लागते आणि लोकांना वाटतं सगळं पहिल्यापासून चाललंय.

डेटाच्या शेवटी शून्य बाइट नसतो, त्यामुळे त्याला स्ट्रिंग समजून छापू नका, दिलेल्या लांबीएवढंच वाचा. एका वेळी नेहमीच्या सेटिंगला जास्तीत जास्त १६ केबी येतात आणि कधी एकच बाइटही येऊ शकतो, एक ओळ एका तुकड्यात येईल हे गृहीत धरायचं नाही. सी++ वाल्यांनी साधं मेंबर फंक्शन द्यायला जाऊ नये, स्टॅटिक फंक्शन करून धिस पॉइंटर बरोबर द्यावा, आणि एक्सेप्शन कॉलबॅकच्या बाहेर जाऊ देऊ नये. पर्याय लावायचं फंक्शन, सेटऑप्ट, कितीही प्रकारचे आर्ग्युमेंट मुकाट घेतं, लाँगच्या जागी इंट दिला तर काही मशीनवर चालतं काही मशीनवर नाही, ही मला या लायब्ररीतली सगळ्यात कच्ची बाजू वाटते.

वेगाचं म्हणाल तर कॉलबॅक ट्रान्सफरच्या वाटेतच बसलेला असतो. तुम्ही त्यात डेटाबेसमधे नोंद करत बसलात किंवा प्रत्येक वेळी स्क्रीन रंगवलीत तर तेवढा वेळ बाइट थांबतात. आम्ही आत फक्त आकडे वाढवतो आणि दाखवायचं काम बाहेरचा टायमर करतो, असंच करा. काहीच हलत नसेल तेव्हा प्रगतीचं फंक्शन साधारण सेकंदाला एकदा येतं, लटकलेलं कनेक्शन ओळखायला तेवढं पुरतं, आणि तेवढंही स्वतः बघायचं नसेल तर लो स्पीड लिमिट आणि लो स्पीड टाइम हे दोन पर्याय लावून कमीत कमी वेग ठरवून द्या, लायब्ररी स्वतःच सोडून देईल.

लॉगबद्दल मात्र कळकळीनी सांगतो, डीबगफंक्शनमधे जाणारं हेडर जसंच्या तसं येतं, त्यात ऑथोरायझेशनचं टोकन असतं, कुकी असते, फॉर्मचे पासवर्डही डेटामधे येतात. ते सगळं फाइलमधे ओतून ती फाइल कोणाला मेल केलीत तर किल्ल्या वाटल्यासारखंच आहे. आम्ही ऑथोरायझेशन आणि कुकीच्या ओळी कॉलबॅकमधेच झाकून टाकतो आणि डेटाचा फक्त साइझ लिहितो, मजकूर नाही.

डॉक्युमेंटेशनला पूर्ण मार्क. प्रत्येक पर्यायाचं वेगळं पान, प्रत्येकावर चालणारं छोटं उदाहरण, कोणत्या व्हर्जनला आला ते लिहिलेलं. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत पण बायओवर (तिच्या वाचायच्या-लिहायच्या थरावर) कॉलबॅक लावता येतो, बहुतेक क्रियांच्या आधी आणि नंतर बोलावला जातो, ताकद भरपूर आहे पण तिथला आर्ग्युमेंटचा गुंता सोडवता सोडवता जीव मेटाकुटीला येतो, साध्या कामाला मी तिकडे जाणार नाही.

जुनं प्रोग्रेसफंक्शन सापडलं तर ते घेऊ नका, त्यात आकडे डबलमधे (दशांशाच्या प्रकारात) येतात आणि ७.३२.० पासून ते मागे पडलंय. त्याऐवजी एक्सफरइन्फोफंक्शन घ्या, त्यात मोठे आकडेही पूर्णांकात मिळतात. पायथनवाल्यांना पायकर्लमधून (पायथनमधून लिबकर्ल वापरायचं पॅकेज) हेच मिळतं, तिथे फंक्शन दिलं की झालं.