ड्युरा-एस की अल्टेग्रा? मराठवाड्यातल्या रस्त्यांवर काय घ्यावं

रेसिंग सायकल घेताना महागडी फ्रेम आणि महागडे गिअर घ्यावेत का, हा प्रश्न. स्पेशलाइज्ड कंपनीची टारमॅक एसएल८ ही सायकल उदाहरणाला घेऊ. वरची एस-वर्क्स आणि खालची एक्स्पर्ट, दोघींचा आकार एकच. फरक कार्बनच्या प्रतीचा. कंपनीच्या आकड्यांनुसार एस-वर्क्सची फ्रेम ६८५ ग्रॅमची, खालच्या प्रतीची ७८०. फरक ९५ ग्रॅमचा आणि त्यासाठी काही लाख जास्त. उन्हाळ्यात संभाजीनगरहून वेरूळला जाऊन यायचं तर ७५० मिलीच्या दोन बाटल्या लागतातच, म्हणजे नुसतं पाणीच दीड किलो. फ्रेम खालच्या प्रतीची घ्या, असं मी बेधडक सांगेन.

गिअरचा प्रश्न जास्त अवघड वाटतो, कारण ड्युरा-एस या शिमानो कंपनीच्या सर्वांत वरच्या गिअर-संचाच्या नावाचीच भुरळ असते. शिमानोने २०२१ मध्ये आर९२०० ड्युरा-एस आणि त्याच्या खालचा आर८१०० अल्टेग्रा एकत्रच आणले. दोन्ही डीआय२, म्हणजे विजेवर बदलणारे गिअर, दोन्ही १२ स्पीड, म्हणजे मागे १२ चक्रं, बॅटरीही तीच. डोळे मिटून गिअर बदलला तर कुठला कोणता, हे ओळखणं कठीण. पूर्ण संचात वजनाचा फरक जेमतेम पाव किलोच्या आसपास. सायकलसह ८० किलोचा स्वार धरला, तर दौलताबादकडून खुलताबादला चढताना पंधरा मिनिटांत त्याचे तीन सेकंद वाचतील. शर्यतीत पहिल्या पाचात येणाऱ्याला त्या तीन सेकंदांचं मोल आहे, बाकीच्यांना नाही.

ड्युरा-एसच्या कॅसेटची, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्रांच्या संचाची, मोठी चक्रं टायटॅनियमची असतात. ती हलकी असतात, पण स्टीलपेक्षा लवकर झिजतात. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि उरलेलं वर्षभर धूळ चेनमध्ये जाते, तेव्हा ही झीज आणखी वाढते. ड्युरा-एस घेतलीच, तरी रोजच्या सरावाला अल्टेग्राची कॅसेट लावा. ती बिनदिक्कत बसते. ड्युरा-एसची खरी वेगळी गोष्ट म्हणजे ५४-४० चं क्रँक (पेडलचे दांडे आणि ५४ व ४० दातांची पुढची चक्रं), जे अल्टेग्रात मिळत नाही. पण पुढे ५२ दातांचं चक्र आणि मागे ११ दातांचं लावून मिनिटाला ९५ फेरे मारले, तरी वेग ताशी ५५ किलोमीटरच्या वर जातो. जालन्याकडच्या सपाट रस्त्यावर गटातसुद्धा यापुढे कितीदा जाल?

वाचलेले पैसे चाकांत घाला. मराठवाडा बराचसा सपाट आणि वाऱ्याचा. घाट आहेत, कन्नडचा औट्रम घाट तर चांगलाच दमवतो, पण बहुतेक किलोमीटर वाऱ्याशीच झुंजण्यात जातात. म्हणून हलक्या, बुटक्या रिमपेक्षा साधारण ५० मिलिमीटर उंचीची कार्बन रिम इथे जास्त फायद्याची. अंगाने हलके असाल तर पुढची रिम ४० च्या आसपास ठेवा, कारण आषाढातला आडवा वारा पुढचं चाक ओढतो.

टायर २८ किंवा ३० मिलिमीटरचे, ट्यूबलेस. वेड्या बाभळीच्या काट्यांवर सीलंटशिवाय (टायरमधलं भोक बुजवणाऱ्या द्रवाशिवाय) चांगला उपाय नाही, मात्र इथल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, तेव्हा महिन्या-दीड महिन्याने बघत जा. हुकलेस रिम (टायरची कड धरून ठेवणारा आकडा नसलेली) असेल तर ५ बारच्या वर हवा भरायची नाही. वजन ८५-९० किलो असेल तर हवा जास्त लागते, म्हणून हुक असलेली रिमच बरी.

शिमानोची स्पर्धक कंपनी स्रामचे वायरलेस गिअर उत्तम आहेत. डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागांच्या) बॅटऱ्या काढून घरात चार्ज करता येतात, पुढची मागे लावता येते. पण स्रामच्या रोड ब्रेकमध्ये डॉट द्रव (गाड्यांच्या ब्रेकमध्ये असतो तसा) असतो. तो हवेतला ओलावा शोषतो आणि रंगावर सांडला तर रंग खराब करतो. शिमानोच्या ब्रेकमधलं मिनरल ऑइल त्या मानाने सोशिक. जवळचा जाणता मेकॅनिक शंभर किलोमीटरवर असेल, तर मी शिमानोच घेईन. टारमॅकच्या बॉटम ब्रॅकेटला (क्रँक ज्यात फिरतं त्या बेअरिंगच्या भागाला) आटे आहेत, म्हणजे तो काढणं-बसवणं सोपं, हेही त्याच कारणाने मला मोलाचं वाटतं.

जुनी सायकल बघत असाल आणि तिच्यावर ११ स्पीडचं ड्युरा-एस किंवा अल्टेग्रा असेल, तर क्रँक आधी तपासून घ्या. जुलै २०१९ पूर्वी बनलेल्या काही क्रँकचे चिकटवलेले भाग सुटू शकतात, म्हणून शिमानोने २०२३ मध्ये तपासणी मोहीम जाहीर केली होती.