टॅबला रस्त्यावर नेट कशातून द्यावं: चिपळूण-कराड पट्ट्यातले नऊ महिने

मी विमा सर्व्हेअर आहे. अपघातातली गाडी, पुरात भिजलेलं दुकान, झाड पडून मोडलेलं घर, हे जागेवर जाऊन पाहायचं, मापं घ्यायची, फोटो काढायचे आणि विमा कंपनीच्या पोर्टलवर चढवायचे. माझा पट्टा चिपळूण, गुहागर आणि कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, कराडपर्यंत. लॅपटॉप घरी असतो, बाहेरचं सगळं काम टॅबवर. जून ते फेब्रुवारी या नऊ महिन्यांत मी टॅबला तीन तऱ्हांनी नेट देऊन पाहिलं: फोनच्या हॉटस्पॉटवरून, खिशात मावणाऱ्या फोर-जी वाय-फाय डबीवरून (आमच्याकडे दुकानदार तिला अजून डोंगलच म्हणतात) आणि शेवटी सिम चालणारा टॅब घेऊन.

दुकानात स्पीड विचारला की डाउनलोडचा सांगतात. माझं काम अडतं ते अपलोडला. एका केसचे चाळीस फोटो, प्रत्येकी ४ एमबी धरले तर १६० एमबी झाले. वेग मात्र एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट असा मोजतात, आणि एका एमबीत आठ मेगाबिट असतात. अपलोड २ एमबीपीएस असेल तर ते जायला जवळपास ११ मिनिटं लागतात, १० एमबीपीएस असेल तर दोन-सव्वादोन. दिवसाचा कोटा संपून वेग ६४ केबीपीएसवर उतरला तर तेच फोटो साडेपाच तास घेतील. फोटो गेल्याशिवाय मंजुरी नाही, मंजुरीशिवाय गॅरेजवाला पाना हातात घेत नाही, आणि गाडी जर कुणाची रोजीची रिक्षा असेल तर त्या घरातली कमाई तेवढे दिवस बंद. म्हणून नेटचा हा विषय मला सोयीपुरता वाटत नाही.

पहिले चार महिने फोनच्या हॉटस्पॉटवर काढले. वेगळा खर्च नाही, वेगळं सिम नाही, आणि चिपळूण शहरात फाइव्ह-जी मिळत असेल तर काम झपाट्यानं होतं. अडचण बॅटरीची. ५००० एमएएचचा फोन सकाळी आठला पूर्ण भरून निघाला तरी दुपारी दोनच्या सुमारास वीस टक्क्यांवर येई, आणि संपला की नेटबरोबर फोनही बंद. दुसरी अडचण कॉलची. फोर-जी कमजोर असलेल्या जागी कॉल आला की माझा फोन टू-जीवर उतरे आणि अर्धं झालेलं अपलोड तिथंच तुटे. पोर्टल पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरू करायला लावी.

ज्यांना हॉटस्पॉटवरच भागवायचंय त्यांनी तीन गोष्टी आजच करा. हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची सेटिंग काढून टाका. टॅबमध्ये त्या वाय-फायला 'मीटर्ड' (म्हणजे इथला डेटा मोजका आहे) अशी खूण करा, नाहीतर टॅब गुपचूप अपडेट ओढतो. माझा एका दिवशी दीड जीबी असाच गेला. आणि एका जागी बसून काम असेल तर वाय-फायऐवजी यूएसबी केबलनं जोडा. फोन कमी तापतो, जोडणीही स्थिर राहते.

ऑक्टोबरात उन्हानं फोनच्या हॉटस्पॉटला हरवलं. गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंगला लावलेला, वर हॉटस्पॉट चालू. फोननं आधी चार्जिंग थांबवलं, मग हॉटस्पॉट. त्याच आठवड्यात अडीच हजारांच्या आसपासची डबी घेतली. तसा सप्टेंबरपासूनच विचार चालू होता.

या डबीबद्दल नीट लिहायला हवं, कारण तिचा खरा गुण कुणी सांगत नाही. ती फोनपेक्षा वेगवान नसते. साधी फोर-जी डबी कागदावर डाउनलोडला १५० आणि अपलोडला ५० एमबीपीएस एवढी असते आणि प्रत्यक्षात टॉवर देईल तेवढंच देते. तिचा गुण असा, की ती तुमच्यापासून लांब ठेवता येते.

पोफळीच्या अलीकडे एका घराची मागची भिंत पडली होती. जांभ्या चिऱ्याचं जुनं घर, जाड भिंती, वर कौलं आणि पडवीवर पत्रा. पडवीत बसून फोटो पाठवत होते, काही हलेना. सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा दिसतो, तो उणे ११८ होता. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल बरा. उणे ९५ पर्यंत काम छान चालतं, ११५ च्या पलीकडे रखडतं. घरातल्या आजी मला बघत होत्या. म्हणाल्या, "माळ्यावर जा गो बाय, खिडकीकडे. आमचा नातू पुण्याहून आला की थयच बसतो." माझा गुडघा दुखत होता, शिडी उभी होती. त्यांच्या सुनेनं डबी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर नेली आणि खिडकीच्या गजाला टांगली. आकडा उणे १०१ झाला. दर दहा आकड्यांना ताकद दहापट होते, म्हणजे सतराच्या फरकानं जवळपास पन्नासपट. मी खाली पडवीत बसून, आजींशी बोलत, चहा घेत चाळीसच्या चाळीस फोटो पाठवले. फोन असा टांगला असता तर कॉल घ्यायला वर कोण पळणार?

तेव्हापासून मी आधी डबीला जागा शोधते, मग स्वतःला. पत्र्याच्या शेडमध्ये असेन तर डबी दाराबाहेर, दुकानात असेन तर काचेपाशी. सिग्नलच्या दांड्यांवर विश्वास ठेवणं सोडलं, आकडाच बघते.

डबीनं दगा दिला तो कोयनानगरच्या बाजूला. तिच्यात बीएसएनएलचं सिम घातलं होतं. तेच सिम फोनमध्ये नीट चाले आणि डबीत 'सेवा नाही'. दोन फेऱ्या वाया गेल्यावर उलगडा झाला. बीएसएनएलचं फोर-जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. ७०० ची लहर लांब जाते, डोंगराच्या कुशीत आणि भिंतीआडही बऱ्यापैकी पोचते. माझ्या डबीत ७०० चा बँडच, म्हणजे ती लहर पकडायची सोयच नव्हती. विकणाऱ्यानं 'सगळी सिमं चालतात' असं छातीठोक सांगितलं होतं, आणि खोक्यावर बारीक अक्षरात बँडांची यादी होती, ती मी वाचली नाही. तुम्ही वाचा. फोर-जीसाठी यादीत बी२८ (हाच तो ७०० चा बँड) आहे का बघा, फाइव्ह-जीसाठी एन२८ (तोही ७०० चाच) आणि एन७८. एन७८ म्हणजे ३५०० मेगाहर्ट्झ. शहरात त्याचाच वेग मिळतो, पण टॉवरपासून दूर आणि जाड भिंतीआड तो लवकर विझतो. जिओचं फाइव्ह-जी स्टँडअलोन, म्हणजे फोर-जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या पद्धतीचं आहे, म्हणून उपकरणात 'एसए' लिहिलंय की नाही तेही पाहा.

डिसेंबरात सिमवाला फाइव्ह-जी टॅब घेतला. त्याच मॉडेलच्या फक्त वाय-फायवाल्यापेक्षा साडेचार हजार जास्त पडले. मला ते वसूल झालेत. टॅब उघडला की नेट आहे. मध्ये दुसरं यंत्र नाही, त्याचं चार्जिंग नाही, पासवर्ड नाही. बॅटरी मोठी असल्यानं दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी तीस-पस्तीस टक्के उरते. कॉल फोनवर येतो आणि अपलोड टॅबवर चालू राहतं. टॅब घेताना जीपीएसचंही बघा: आयपॅडच्या फक्त वाय-फायवाल्या मॉडेलमध्ये जीपीएस नसतं, सिमवाल्यात असतं. ज्यांना फोटोवर जागेची नोंद लागते त्यांना हे महत्त्वाचं.

अनलिमिटेड फाइव्ह-जीच्या प्लॅनबद्दल एकच सांगते. ते अनलिमिटेड फाइव्ह-जीवर असेपर्यंत. शिरगाव, अलोरे मागे पडून घाट लागला की फोर-जी येतं आणि रोजच्या कोट्यातून कापलं जाऊ लागतं. माझ्यासारखं फिरतं काम असेल तर प्लॅन निवडताना रोजचा कोटाच बघावा. घरासाठीचं एअरफायबर चांगलं असेल, पण ते छतावर बसवतात. रेल्वे स्थानकावरचं रेलवायर पहिली तीस मिनिटं फुकट देतं. मेल बघायला ठीक, गर्दीत चाळीस फोटो पाठवायला नाही.

नऊ महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडली ती गोष्ट म्हणजे फोनमध्ये एका कंपनीचं सिम आणि टॅबमध्ये दुसरीचं. जुलैत तीन दिवस लाइट नव्हती. पहिल्या दिवशी दुपारनंतर एका कंपनीचा टॉवर बॅटरी संपून गेला, दुसरीचा जनरेटरवर रात्रीपर्यंत चालला. तेव्हा टॅब वाय-फायवाला होता, तरी दुसऱ्या कंपनीचं सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत असल्यानं काम निभावलं. पण दोन कंपन्या घेतल्या म्हणजे झालं असं नाही. बऱ्याच ठिकाणी दोघींचे अँटेना एकाच टॉवरवर असतात, आणि तो गेला की दोन्ही जातात. कुठल्या गावात कोणाचा टॉवर वेगळा आहे, हे पानटपरीवाला, पोस्टमन नाहीतर एसटीचा कंडक्टर बरोबर सांगतो. मी विचारून वहीत गावागणिक लिहून ठेवलंय: कुठे कोणतं सिम, कुठल्या वळणावर थांबायचं. घाटात ज्या पट्ट्यात काहीच लागत नाही तिथे फोटो टॅबमध्ये साठवते आणि हेळवाकला उतरल्यावर सोडते.

डबी विकलेली नाही. तिच्यातलं बीएसएनएलचं सिम काढून टॅबच्या दुसऱ्या खाचेत टाकलं, टॅबमध्ये बी२८ आहे. डबीत आता शहरात चांगली चालणाऱ्या कंपनीचं डेटा सिम आहे. ती गाडीत ठेवत नाही, उन्हानं बॅटरी फुगते. पर्समध्ये असते, प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत हातभर सुतळी.