पोळ्यापासून होळीपर्यंत अंगावर राहिलेलं जॅकेट

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजा पट्ट्यात अंगावर घालायच्या दोनच गोष्टी लोकांना ठाऊक: पावसाळ्यातला रेनकोट आणि डिसेंबरातलं जाड स्वेटर. मधले महिने कोणी हिशेबात धरत नाही. पोळा झाला की सकाळी झड, दुपारी घाम काढणारं ऊन, संध्याकाळी परत आभाळ. दिवाळीच्या सुमारास पहाटे गारठा आणि दुपारी पंख्याशिवाय बसवत नाही. फेब्रुवारीत पारा दुपारी तिशी ओलांडतो, पहाटे पंधराच्या खाली येतो, आणि मधेच अवकाळी पाऊस, नाहीतर गारपीट.

माझं काम गावोगाव गाडीवर फिरून गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा आमच्या धंद्यातला ठरलेला नियम. त्यामुळे हवा पालटते नेमक्या त्याच वेळी मी रस्त्यावर असतो. मागे गोठवलेलं वीर्य ठेवायचा, उणे 196 अंशांच्या नायट्रोजनचा कंटेनर बांधायचा आणि थंडीच्या नावानं बोंब मारायची, म्हणून घरचे हसतात. हसू द्या.

घेतलं ते असं: एक पातळ, अस्तर नसलेलं पाणी अडवणारं जॅकेट, काखेत चेन असलेलं, आणि आतून घालायला वेगळं पातळ फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं स्वेटरसारखं. जॅकेट अडीच हजारांच्या आत, फ्लीस सात-आठशेला. नागपूरच्या दुकानात त्याच पैशांत आतून कापूस भरलेलं एकच जाड जॅकेट मिळत होतं आणि सोबत आलेल्या भाच्याचा जीव त्याच्यावरच अडकला होता. पण जाड जॅकेट एक तर अंगात असतं, नाहीतर डिक्कीत. आमच्याकडे दहा वाजेपर्यंत ते डिक्कीतच जाणार आणि कंटेनरमुळे डिक्कीत तेवढी जागा कुठली? दोन पातळ थर असले की एक काढून सीटखाली कोंबता येतो.

लेबलवरच्या आकड्यांबद्दल थोडं, कारण दुकानदार तेच वाचून दाखवतो. 5,000 किंवा 10,000 मि.मी. म्हणजे कापडावर पाण्याचा तेवढा उंच स्तंभ उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही. 10,000 म्हणजे 10 मीटर. उभ्या उभ्या भिजायचं असेल तर 2,000 सुद्धा रिमझिमीला पुरतं. गाडीवर मात्र थेंब छातीवर मारा करतात आणि बॅगेचा पट्टा खांद्यावर दाबून धरतो, तिथे कमी आकड्याचं कापड आधी हार मानतं. माझं 5,000 चं आहे. वाढोण्याच्या रस्त्यावर सप्टेंबरात चांगलाच गाठला मला पावसानं. छाती कोरडी, पाठ कोरडी, गळ्यातून मात्र पाणी उतरलं, कारण हेल्मेटवर जॅकेटची टोपी चढत नाही आणि हेल्मेटखाली टोपी बसत नाही. गाडीवाल्यानं टोपीपेक्षा कॉलर बघावी: उंच आहे का, आणि चेन हनुवटीपर्यंत येते का. शिलाई आतून पट्टी चिकटवून बंद केलेली आहे का, हेही उलटून बघा. ती पट्टी नसेल तर आकडा कितीही असो, पाणी सुईच्या भोकांतून येतं.

दुसरा आकडा असतो घाम बाहेर टाकण्याचा. त्यावर आमच्याकडे फार विसंबू नये. ही कापडं घामाची वाफ बाहेर ढकलतात ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या फरकावर. आत गरम-दमट आणि बाहेर थंड-कोरडं असेल तर काम झकास. हिमालयात ते चालत असेल. भादव्यात झड थांबून ऊन पडलं की आमची बाहेरचीच हवा इतकी ओली असते की वाफेला जायला वाटच नाही. महागातलं महाग कापड आणा, आत प्लास्टिकची पन्नी गुंडाळल्यासारखंच होणार. तिथे कामी आली ती काखेतली चेन. दोन्हीकडची उघडली आणि गाडी जरा हाणली की वारा एका बाजूनं शिरून पाठीवरून फिरतो आणि सदरा दोन-तीन किलोमीटरात वाळतो. हजार रुपये जास्त द्यायचेच असतील तर ते आकड्यासाठी न देता या चेनसाठी द्या, असं माझं मत झालंय.

थंडीचं गणित वेगळं. आमच्याकडे हाड गोठवणारी थंडी फार दिवस नसते, पण गाडीवर वारा तिला धार लावतो. हवा 10 अंशांची असेल आणि गाडी ताशी 50 ची, तर उघड्या कातडीला ती पाच-सहा अंशांसारखी लागते. म्हणून नुसतं फ्लीस गाडीवर कुचकामी, वारा त्यातून आरपार जातो. त्यावर हे पातळ जॅकेट चढवलं की तेच फ्लीस दुप्पट गरम वाटतं. माझं फ्लीस 100 जीएसएमचं आहे, म्हणजे चौरस मीटरला 100 ग्रॅम, सगळ्यात पातळ जात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आत एक पूर्ण बाहीचं बनियन घालावं लागलं, बाकी भागलं. 200 चं घेतलं असतं तर नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत घरीच राहिलं असतं.

आता जे कोणत्याच लेबलवर नसतं ते. या जॅकेटचा आवाज होतो. बाही बाहीला घासली की सळसळ. माणसाला तो जाणवत नाही, जनावराला जाणवतो. एका कास्तकाराच्या गोठ्यात पहिलारू कालवडीजवळ गेलो, हात वर केला, बाही वाजली आणि कालवड दावं ताणून बाजूला. परत हात लावला, परत तेच. शेवटी म्हातारबुवा बोलले, "काढ ना बापू तो कोट, थे पन्नीले भेऊन राह्यली." जॅकेट बाहेर धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर टाकलं आणि नुसत्या फ्लीसवर गेलो, तर कान टवकारले, पण उभी राहिली. तेव्हापासून गोठ्यात शिरण्याआधी जॅकेट गाडीवर. तसंही खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवायला बाही काढावीच लागते. तुमचं काम ढोरांत असेल तर दुकानात हात हलवून कापडाचा आवाज ऐकाच. सॉफ्टशेल नावाचं थोडं ताणलं जाणारं, मऊ कापड येतं, ते जवळजवळ मुकं असतं. वारा अडवतं, रिमझिम झेलतं, पण झडीत भिजतं आणि एकदा भिजलं की वाळायला दिवस घेतं. माझ्या एका सोबत्याकडे आहे. तो खूष आहे, पण त्याची गावं आर्वीच्या जवळची, पाऊस लागला तर कुठेही आडोसा मिळतो.

फ्लीसचा शत्रू कुसळ. दिवाळीनंतर वाळल्या गवतातून एकदा धुऱ्यानं चालत जा आणि मग बाह्यांकडे बघा. कुसळ नुसतं चिकटत नाही, टोकाकडून आत सरकत जातं आणि आतल्या बाजूनं टोचायला लागतं. ओढलं तर शेपटी हातात येते, टोक आतच राहतं. उलटं करून आतून ढकलावं, तेव्हा निघतं. संध्याकाळी ओसरीत बसून हा उद्योग मी केलाय आणि आईनं "लोकर कातून स्वेटर विणलं असतं तेवढ्या वेळात" असं ऐकवलंय. उपाय एवढाच: वावरात जाताना फ्लीस आत, गुळगुळीत जॅकेट वर. मनगटाच्या चिकटपट्टीतही गवत आणि केस भरतात आणि मग ती धरत नाही. जुन्या दातब्रशनं साफ होते, पण पुढच्या वेळी मी साधं इलॅस्टिकच घेईन.

आगीपासूनही जपा. जानेवारीत हुरड्याच्या आगटीजवळ बसलो असताना एक ठिणगी डाव्या बाहीवर आली. सुती कापडावर काळा डाग पडला असता. इथे पापणी लवायच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, कडा वितळून कडक झालेल्या. आतून चिकटणारी दुरुस्तीची पट्टी लावली, पाणी येत नाही, पण दिसतं. शेकोटीला जॅकेट काढून घोंगडं घ्यावं, त्याला ठिणगीचं काही वाटत नाही.

सुरुवातीला पाणी वरून मोत्यांसारखं घरंगळायचं, डिसेंबरापर्यंत खांदे आणि बाह्या ओल्या दिसायला लागल्या. आतून भिजत नव्हतं, पण कापड जड आणि गार व्हायचं. वरचा पाणी झटकणारा लेप धुळीनं आणि तेलकटपणानं दबतो. घरच्या पावडरनं धुतलं तर तिचा अंशही कापडात राहतो. पातळ साबणानं धुवून दोनदा खळबळलं, सावलीत वाळवलं आणि लेबलवर परवानगी आहे बघून सुती फडकं मधे ठेवून अगदी कमी गरम इस्त्री फिरवली. बरंचसं परत आलं, खांद्यावर पूर्वीइतकं नाही. कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, त्यानं उलटंच होतं.

उन्हाळ्यात हे ठेवायचं कुठे, हा आमच्याकडचा खरा प्रश्न. टिनाच्या छपराखालच्या लोखंडी पेटीत मे महिन्यात काय ताप होतो ते सांगायला नको. आतला लेप उष्णता आणि ओल या दोन्हींनी सुटतो, पापुद्रे निघतात, चिकट होतो. म्हणून पूर्ण वाळवून, घडी न घालता, मधल्या खोलीत खुंटीला टांगलंय.

गारपिटीत याचा उपयोग शून्य. गार सुरू झाली की गाडी उभी करून पक्क्या छताखाली जायचं, झाडाखाली नाही. रंग मी भडक नारिंगी घेतला. त्यावर गावात थट्टा झाली, पण धुक्यात जिनिंगला निघालेले कापसाचे ट्रॅक्टर मागच्या लाइटशिवाय चालतात त्या रस्त्यावर थट्टा परवडते.

रात्रपाळीची लाइन असते म्हणून हरभऱ्याला ओलीत करायला जाणाऱ्या शेजाऱ्यानं विचारलं, घेऊ का. त्याला नको म्हणालो. तो वेगात कुठे जात नाही, फावडं घेऊन चिखलात उभा असतो, वाकतो, घामेजतो, मधे शेकतो. त्याला घोंगडं, गमबूट आणि कानटोपी पुरे. शाळेला, बँकेला, दूध घेऊन तालुक्याला रोज गाडीवर जाणाऱ्यांनी घ्यावं. नेहमीपेक्षा एक नंबर मोठं घ्या, म्हणजे आत फ्लीस मावेल, आणि दुकानात हँडल धरल्यासारखं बसून बघा. मागून कंबर उघडी पडत असेल तर तिथेच परत ठेवा.