डिव्हिजन वनचा असिस्टंट की डिव्हिजन थ्रीचा हेड कोच? महिला गोल्फमधल्या दोन वाटा

अमेरिकेत कॉलेजसाठी गोल्फ खेळून झाल्यावर कोचिंगमध्येच राहायचं ठरवलेल्या बहुतेकांसमोर कधी ना कधी हा प्रश्न येतो. कॉलेज खेळांतल्या सर्वांत वरच्या स्तरावर, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, मोठ्या विद्यापीठाच्या महिला संघात असिस्टंट म्हणून जायचं, की तिसऱ्या स्तरावरच्या, म्हणजे डिव्हिजन थ्रीच्या, लहान कॉलेजात थेट हेड कोच व्हायचं? मी दोन्ही केलं आहे. चार वर्षं दक्षिणेतल्या एका डिव्हिजन वन संघात असिस्टंट होतो आणि गेली सहा वर्षं मध्य-पश्चिमेतल्या एका छोट्या कॉलेजात हेड कोच आहे. पगार, पदनाम आणि इन्शुरन्स ऑफर लेटरमध्ये असतातच, त्यामुळे इथे मी रोजच्या कामाबद्दलच लिहितो.

आधी डिव्हिजन वनच्या बाजूने, कारण तिथे मी जे शिकलो ते दुसरीकडे शिकलो नसतो. आमच्याकडे जवळच्या फटक्यांच्या सरावासाठी संघाला राखीव शॉर्ट-गेम एरिया होता, पावसातही मारता येईल अशा बंद बे होत्या, आणि प्रत्येक राऊंडचा एकेक फटका मोजून ठेवलेला असे. कुठल्या मुलीचे फटके सत्तर ते नव्वद यार्डांमधून वाया जातात हे आकडे सांगत. ते का जातात हे शोधणं माझं काम. कॉलेज गोल्फमध्ये कोचला सामना चालू असताना खेळाडूशी बोलता येतं, ही या नोकरीतली सर्वांत सुंदर गोष्ट. पार थ्रीच्या टीवर उभं राहून, गवताची चिमूट हवेत सोडून, 'सात नंबरची काठी नको, सहा घे आणि सावकाश मार' असं म्हणण्याचा अधिकार व्यावसायिक दौऱ्यावर फक्त कॅडीला असतो.

शिवाय वर चढायला शिडी आहे. सहा ठिकाणच्या रीजनल्समधून, म्हणजे विभागीय स्पर्धांमधून, प्रत्येकी पाच असे तीस संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचतात आणि २०१५ पासून शेवटच्या आठ संघांमधला विजेता मॅच प्लेने, म्हणजे संघांच्या समोरासमोरच्या लढतींनी, ठरतो. त्या शेवटच्या आठ संघांत असणं काय असतं, हे तिथे असलेल्यालाच कळतं. ड्यूकचे डॅन ब्रूक्स १९८४ मध्ये रुजू झाले आणि त्यांच्या संघांनी सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. स्टॅनफर्डमध्ये अ‍ॅन वॉकर २०१२ मध्ये आल्या आणि २०१५, २०२२, २०२४ अशी तीन जिंकल्या. २०२५ च्या अंतिम फेरीत त्याच स्टॅनफर्डला नॉर्थवेस्टर्नने हरवलं. शिकागोजवळचं, बर्फात अडकणारं विद्यापीठ! आम्हा थंडीतल्या कोचांना त्या दिवशी झालेला आनंद वेगळाच होता.

मग मी तिथून का निघालो? कारण एकच: जुलै.

डिव्हिजन वनमध्ये मुलीची दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत तिला फोन करता येत नाही, मेसेज पाठवता येत नाही. स्पर्धा चालू असताना तर वय कितीही असलं तरी तिच्याशी बोलायचं नाही. हे नियम योग्यच आहेत, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना त्यांची गरज आहे. पण त्यातून असिस्टंटच्या वाट्याला येतं ते काम म्हणजे 'दिसणं'. विद्यापीठाचा लोगो असलेला शर्ट घालायचा, मोठ्या ज्युनियर स्पर्धांना जायचं आणि हव्या असलेल्या मुलीचे अठरा होल फेअरवेच्या कडेने चालायचे. बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत. तिला आणि तिच्या आईवडिलांना आपण आलेलो दिसलं पाहिजे, बस्स. दुसऱ्या विद्यापीठाचा कोच चारही दिवस थांबला आणि आपण दोनच दिवस, हेही त्यांच्या लक्षात येतं.

तिसऱ्या वर्षीच्या जुलैत मी अशाच एका मुलीच्या मागे चार दिवस चाललो. खेळाडू उत्तम होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये असताना आमच्याच संघातल्या एकीचा फोन आला. तिचं चिपिंग, म्हणजे ग्रीनजवळून मारायचे छोटे फटके, पार बिघडलं होतं. ग्रीनच्या बाजूला चेंडूपाशी उभं राहिलं की हात आखडायचे. तिने घरून व्हिडिओ पाठवले होते आणि तिला माझ्याशी नीट बोलायचं होतं. मी जेमतेम दहा मिनिटं बोललो, कारण पलीकडे ती दुसरी मुलगी पहिल्या टीवर जात होती आणि मला तिथे दिसायचं होतं. संध्याकाळी फोन करतो म्हणालो. संध्याकाळी गाडी चालवून पुढच्या गावी पोहोचायचं होतं. ऑगस्टमध्ये ती परत आली तेव्हा घाबरून तिने स्वतःच ग्रिप बदलून टाकली होती, आणि त्या संपूर्ण हंगामात ती प्रवासाला जाणाऱ्या पाच जणींत आली नाही. तिने मला कधी दोष दिला नाही. मला मात्र तो फोन अजून आठवतो. जी मुलगी माझी होती तिला दहा मिनिटं, आणि जी अजून कुणाचीच नव्हती तिला चार दिवस.

प्रत्येक संघात असंच असेल असं मी म्हणणार नाही. काही हेड कोच हा भार स्वतः उचलतात, असिस्टंटला मुलींबरोबर राहू देतात. असा हेड कोच मिळाला तर या लेखातलं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही. पण २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद) आल्यापासून हा शोध फक्त शाळकरी मुलींपुरता राहिलेला नाही, तो वर्षभर चालतो. २०२५-२६ पासून खेळाडूंना थेट मोबदला देण्याच्या नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांना सहाऐवजी नऊही मुलींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, मात्र संघ नऊ जणींचाच. मुलींसाठी हे चांगलं आहे. पण नऊ जागांवर डोळा ठेवून फिरायचं ते असिस्टंटनेच.

आता डिव्हिजन थ्री. इथल्या अडचणी कमी नाहीत, फक्त वेगळ्या आहेत. खेळासाठीची शिष्यवृत्ती मुळातच नाही. व्हॅन मी चालवतो. आमचा स्वतःचा कोर्स नाही. गावातल्या क्लबचे सभासद खेळून झाले की आम्हाला वेळ मिळते. बुधवारी दोघींची केमिस्ट्री लॅब पाचपर्यंत असते, म्हणून बुधवारचा सराव म्हणजे उरलेल्या उजेडात पटिंग. मार्चमध्ये अंगणात बर्फ असतो आणि आम्ही जिममध्ये जाळीत चेंडू मारतो. पुरुषांचा संघही बऱ्याचदा त्याच कोचच्या गळ्यात असतो. आणि सर्वांत मोठी चिंता मुलींच्या संख्येची. पाच जणी खेळतात, त्यातले सर्वांत चांगले चार स्कोअर धरले जातात. एकीला ताप आला तर चौघींपैकी प्रत्येकीचा प्रत्येक फटका मोजला जातो. अशा वेळी अकराव्या होलवर कुणी बंकरमध्ये अडकलं की पोटात गोळा येतो.

पण इथे जुलै माझा असतो. डिव्हिजन थ्रीमध्ये फोनवर बोलण्याचे नियम बरेच मोकळे आहेत, त्यामुळे एखाद्या मुलीला विचारायचं असेल तर मी सरळ विचारतो: काय शिकायचंय, किती वेळ खेळायचंय, घरापासून किती लांब यायला आवडेल? राज्यातल्या दोन-तीन शालेय स्पर्धा पाहतो. तिथे जे पाहतो ते मुलीचा स्वभाव: वाईट होलनंतर ती बरोबरच्या खेळाडूचा चेंडू शोधायला जाते की नाही. उरलेला वेळ माझ्या मुलींसाठी. गेल्या वर्षी पदवी घेऊन गेलेल्या एकीने पहिल्या स्पर्धेत १०४ मारले होते. शेवटच्या वर्षी तिने ८३ मारले. तो एकवीस फटक्यांचा फरक आम्ही दोघांनी मिळून, वेज आणि पटर या जवळच्या फटक्यांच्या काठ्यांनी, एकेक करून काढला. ती आता नर्स आहे आणि सुट्टीच्या दिवशी खेळते.

डिव्हिजन थ्री म्हणजे हौशी, असं समजू नका. नॉर्थ कॅरोलिनातल्या मेथडिस्ट विद्यापीठाचा महिला संघ पाहिलात तर तो समज निघून जाईल. इतकी राष्ट्रीय विजेतेपदं या डिव्हिजनमध्ये दुसऱ्या कुणाची नाहीत.

पुरुषांनी महिला संघाचं काम घ्यावं का, असंही मला विचारतात. १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांमधल्या लिंगभेदाला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा आला तेव्हा अमेरिकेतल्या महिला संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या कोच महिला होत्या. आज हे प्रमाण निम्म्याहून कमी आहे. मी त्यातल्याच एका जागेवर बसलो आहे, याची मला जाणीव असते. म्हणून माझी असिस्टंट महिला असावी यावर मी अडून बसतो आणि तिला खरं काम देतो. जुलैत फिरायला पाठवत नाही.

व्हिसावर असाल तर दोन्ही ठिकाणी एक सोय सारखी आहे: विद्यापीठं आणि कॉलेजं एच-वन-बीच्या वार्षिक कोट्याबाहेर असतात. क्लबमध्ये शिकवायला गेलात तर ती सोय नसते. मात्र कोचचं पद त्या व्हिसात बसतं का, हे वकिलाकडून आधीच समजून घ्या.

तुमचं वय पंचविशीच्या आसपास असेल, घरची जबाबदारी नसेल आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत उभं राहायचं स्वप्न असेल, तर दोन-तीन वर्षं डिव्हिजन वनमध्ये जाच. पुण्याहून एखादे पालक फोन करतात आणि मुलीला पुढे व्यावसायिक व्हायचंय म्हणतात, तेव्हा मीही त्यांना तिकडचीच दिशा दाखवतो. पण एखाद्या मुलीचा हात का आखडतो हे तिच्या शेजारी उभं राहून, आठवडाभर लागला तरी, शोधायचं असेल, तर माझं मत लहान कॉलेजकडे झुकतं.

आणि ऑफर कुठलीही असो, मुलाखतीत हेड कोचला एक प्रश्न नक्की विचारा: गेल्या जुलैत तुमचा असिस्टंट किती दिवस कॅम्पसवर होता? कॅलेंडर उघडून उत्तर दिलं तर बरं. 'तसं बदलत असतं' असं म्हणाले, तर दोन दिवसांची मुदत मागून घ्या आणि आधीच्या असिस्टंटला फोन करा.