पोस्टफिक्स आणि डव्हकॉट: रीलोड पुरेल की रीस्टार्टच करायचा?

मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स आणि आलेले मेल लोकांना उघडून देणारा डव्हकॉट असा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या बहुतेकांच्या हाताला एक सवय असते. कॉन्फिग (सेटिंगची फाइल) बदलली की लगेच ‘सिस्टमसीटीएल रीस्टार्ट’, म्हणजे सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू करायची कमांड. मलाही ती होती. एका ऑफिसात सकाळी अकराच्या सुमारास, सगळे मेल उघडून बसलेले असताना, मी डव्हकॉट रीस्टार्ट केला. कॉन्फिगमधला एक महिरपी कंस बंद करायचा राहून गेला होता. चालू सर्व्हिस थांबली आणि नवी काही उठेना. रीलोड दिला असता तर डव्हकॉट चूक दाखवून जुन्याच कॉन्फिगवर चालत राहिला असता. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: आधी रीलोड, आणि रीस्टार्ट करायचा तर कारण सांगता आलं पाहिजे.

दोन्हींत फरक काय? रीस्टार्टमध्ये मुख्य प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) मरते आणि नवी जन्माला येते. रीलोडमध्ये मुख्य प्रोसेस जिवंत राहून कॉन्फिग पुन्हा वाचते. पोस्टफिक्समध्ये ही मुख्य प्रोसेस म्हणजे ‘मास्टर’. तिच्या हाताखालच्या प्रोसेस हातातलं काम उरकून बाजूला होतात आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या प्रोसेस नवी कॉन्फिग घेऊन उभ्या राहतात. पोस्टफिक्सच्या मॅन पेजमध्ये (सोबत येणाऱ्या माहितीपानात) तर स्पष्टच म्हटलंय की कॉन्फिग बदलल्यावर पाठोपाठ स्टॉप-स्टार्ट करू नका, रीलोड वापरा.

याला मोजके अपवाद आहेत. सर्व्हरने कोणत्या आयपीवर ऐकायचं ते ठरवणारं ‘आयनेट_इंटरफेसेस’ बदललं, तर स्टॉप-स्टार्टला पर्याय नाही. ओपनएसएसएलसारखी (एन्क्रिप्शन करणारी) लायब्ररी अपडेट झाली की चालू प्रोसेसच्या मेमरीत जुनीच प्रत राहते. सुरक्षेचं अपडेट असेल तर तिथेही सरळ रीस्टार्ट करावा. उलट काही बदलांना रीलोडसुद्धा लागत नाही. एलिअसमध्ये (एका पत्त्याचा मेल दुसऱ्याकडे वळवणाऱ्या यादीत) नवा पत्ता घातला की ‘न्यूएलिअसेस’ चालवा आणि हॅश टेबल (पोस्टफिक्स ज्यात नोंदी शोधतो ती फाइल) बदललं की ‘पोस्टमॅप’. बदललेलं टेबल पोस्टफिक्स स्वतःच ओळखतो.

रीस्टार्टने मेल हरवतील ही भीती मात्र सोडून द्या. पोस्टफिक्सची रांग डिस्कवर असते. बाहेरच्या सर्व्हरला तुमचं दार काही मिनिटं बंद दिसलं, तर तो नंतर पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स स्वतः अडलेला मेल आपोआप ५ दिवस धरून ठेवतो.

डव्हकॉटचं गणित वेगळं आहे, कारण तिथे पलीकडे सर्व्हर नसून माणूस असतो. ‘शटडाउन_क्लायंट्स’ हे सेटिंग मुळात ‘येस’ असतं. त्यामुळे रीस्टार्ट केला की सगळ्यांची आयमॅप (मेल वाचण्यासाठीची) कनेक्शन तुटतात. थंडरबर्डसारखं मेल अ‍ॅप किंवा फोन आपोआप पुन्हा जोडतो, पण मोठ्या ऑफिसात शेकडो लॉगिन एकदम धडकतात. म्हणून दिवसाढवळ्या रीस्टार्ट टाळाच.

लेट्स एन्क्रिप्टच्या (मोफत मिळणाऱ्या) टीएलएस सर्टिफिकेटबाबत बरेच जण इथेच अडकतात. हे सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते वेळेआधी निमूटपणे बदलतो. पोस्टफिक्सच्या प्रोसेस अल्पायुषी असल्याने नवं सर्टिफिकेट त्या यथावकाश उचलतात. डव्हकॉटला मात्र रीलोड द्यावा लागतो, नाहीतर जुनं सर्टिफिकेट मुदत संपेपर्यंत मिरवत राहतो. सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये (सर्टिफिकेट बदलल्यावर आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये) दोन्हींचा रीलोड टाकून ठेवा. रीस्टार्ट नको.

सोबतच्या सर्व्हिसही विसरू नका. मेलवर डिजिटल सही करणारा ओपनडीकिम मिल्टर (पोस्टफिक्सला जोडलेला फिल्टर) म्हणून जोडलेला असेल आणि तो बंद पडला, तर पोस्टफिक्स मुळात ‘टेम्पफेल’वर (तात्पुरता नकार) असल्याने येणाऱ्या मेलला ४५१, म्हणजे ‘नंतर पुन्हा या’, असं सांगून परत पाठवतो. मेल बुडत नाही, उशिरा येतो. क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसला सिग्नेचर (व्हायरसच्या खुणा) मेमरीत भरायला बराच वेळ लागतो, त्यामुळे तिथे रीस्टार्ट महागात पडतो. पण ०.१०३ आवृत्तीपासून तो स्कॅनिंग न थांबवता रीलोड करतो आणि तेवढ्यापुरती जवळपास दुप्पट मेमरी खातो. व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) २ जीबी मेमरीचा असेल तर हे आधी तपासा.

आणखी एक घोळ नेहमी होतो. ‘सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड’ने पोस्टफिक्सची कॉन्फिग वाचली जात नाही. तो सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) युनिट फायलींपुरता, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या फायलींपुरता असतो.

रीलोड असो वा रीस्टार्ट, आधी कॉन्फिग वाचून दाखवणारे ‘डव्हकॉन्फ -एन’ आणि ‘पोस्टकॉन्फ -एन’ चालवा. ‘पोस्टफिक्स चेक’वर एकट्यावर विसंबू नका. तो मुख्यतः फोल्डर आणि परवानग्या बघतो. पॅरामीटरच्या नावातली चूक ‘पोस्टकॉन्फ’ दाखवतो. नंतर स्टेटस बघाल तेव्हा डेबियन-उबंटूच्या अनेक आवृत्त्यांत पोस्टफिक्ससमोर ‘अ‍ॅक्टिव्ह’च्या पुढे ‘एक्झिटेड’ दिसेल. घाबरून पुन्हा रीस्टार्ट करू नका. ते युनिट नावापुरतं आहे, खरी सर्व्हिस ‘पोस्टफिक्स@-’ या नावाने चालते. तिचा स्टेटस बघा, मग ‘पोस्टक्यू -पी’ने रांग वाढत नाही ना ते पाहा आणि बाहेरच्या एखाद्या खात्यावरून स्वतःला एक मेल पाठवून बघा.